विम्याच्या धंद्यातला माणूस आणि त्याने बांधलेली व्यायामशाळा : 'सोकोल'चा पहिला अध्यक्ष यिंद्रिख फ्युग्नर

१६ फेब्रुवारी १८६२. प्राग शहरातल्या एका खासगी व्यायामशाळेत काही मंडळी जमली होती. त्यात एक तत्त्वज्ञानाचा डॉक्टर होता, वर्तमानपत्र चालवणारे लोक होते, एक उमरावही होता. या सगळ्यांना व्यायामाचं एक मंडळ काढायचं होतं. नियम ठरले आणि अध्यक्षाची निवड झाली. अध्यक्ष झालेला माणूस पैलवान नव्हता, कसरतपटूही नव्हता. तो एका विमा कंपनीचा प्रागमधला प्रमुख होता आणि वयाने चाळिशीला टेकला होता.

त्याचं नाव यिंद्रिख फ्युग्नर. मंडळाचं नाव पुढे 'सोकोल' पडलं. चेक भाषेत सोकोल म्हणजे ससाणा.

फ्युग्नरला अध्यक्ष म्हणून जेमतेम पावणेचार वर्षं मिळाली. वयाच्या ४३ व्या वर्षी तो गेला. पण तेवढ्या काळात त्याने दोन गोष्टी केल्या. एक, स्वतःचा पैसा घालून मंडळासाठी व्यायामशाळा बांधली. दोन, त्या व्यायामशाळेत येणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्याला 'तू' म्हणायचं, अशी पद्धत पाडली. पुढे या संस्थेवर तीन वेगवेगळ्या राजवटींनी घाला घातला आणि तरीही ती टिकली. त्यामागे या दोन गोष्टींचा मोठा वाटा आहे.

जर्मन घरातला चेक

फ्युग्नरचा जन्म १० सप्टेंबर १८२२ चा, प्रागमधला. घर कापडाच्या व्यापाऱ्याचं आणि घरात भाषा जर्मन.

यात तेव्हा नवल काही नव्हतं. आजचा चेकिया त्या काळी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग साम्राज्यात होता आणि प्राग ज्या भागात आहे तो बोहेमिया नावाने ओळखला जायचा. सरकारी कचेरी, मोठा व्यापार, वरचं शिक्षण यांची भाषा जर्मन होती. चेक बोलायची ती प्रामुख्याने खेड्यातली माणसं, कारागीर आणि घरगडी. शहरात चार पैसे मिळाले की माणूस जर्मनकडे सरकायचा. फ्युग्नरने प्रवास केला तो उलट्या दिशेने. तो 'हाइनरिख'चा 'यिंद्रिख' झाला, चेक भाषा त्याने मोठेपणी आपलीशी केली आणि मुलीला चेक म्हणून वाढवलं.

घरचा व्यापार त्याने काही काळ पाहिला, पण त्याचा ओढा तिकडे नव्हता. मग तो विम्याकडे वळला. एड्रियाटिक समुद्रावरचं त्रिएस्त हे बंदर त्या वेळी ऑस्ट्रियाच्याच ताब्यात होतं. जहाजं आणि माल यांच्यामुळे तिथे विम्याचा धंदा फोफावला होता. तिथल्याच एका कंपनीचं प्रागमधलं काम फ्युग्नर सांभाळू लागला. धंदा चांगला चालला आणि हाताशी पैसा आला. घरी पुस्तकं होती, संगीत होतं, अभ्यासू लोकांची ऊठबस होती.

अशा माणसाने उरलेलं आयुष्य आरामात काढलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. मग त्याला व्यायामशाळेची गरज का वाटली?

व्यायाम म्हणजे नुसती तब्येत नव्हे

त्यासाठी त्या काळचं राजकारण थोडं समजून घ्यावं लागेल.

१८४८ मध्ये युरोपभर उठाव झाले, तसे प्रागमध्येही झाले. ते चिरडले गेले. पुढची दहा वर्षं ऑस्ट्रियात कडक दडपशाही होती. सभा नाही, संघटना नाही, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री. मात्र १८५९ मध्ये ऑस्ट्रिया इटलीत युद्ध हरला, तिजोरी खाली झाली आणि बादशहाला हात सैल सोडावा लागला. १८६० आणि १८६१ मध्ये राज्यकारभारात सुधारणा झाल्या आणि प्रागमध्ये एकामागून एक संस्था निघू लागल्या. 'नारोद्नी लिस्ती' हे चेक दैनिक आणि 'ह्लाहोल' हे गायकांचं मंडळ, दोन्ही १८६१ मधली.

व्यायामाची कल्पना शेजारून आली होती. फ्रीडरिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनच्या हाजनहाइडे या मोकळ्या जागेत तरुणांना कसरती शिकवायला सुरुवात केली होती. डबल बार, सिंगल बार, लाकडी घोडा ही जिम्नॅस्टिक्सची साधनं तिथूनच मध्य युरोपभर पसरली. पण यानचा हेतू दंड कमावण्यापुरता नव्हता. नेपोलियनकडून हरलेल्या प्रशियाला पुन्हा उभं करायचं, तर तरुण आधी अंगाने आणि मनाने उभे राहिले पाहिजेत, असं तो मानत होता. आपल्याकडेही तालमीतला तरुण गावाच्या आणि देशाच्या कामाला येतो, ही समजूत जुनीच आहे. त्यामुळे हा विचार आपल्याला परका वाटणार नाही.

प्रागमध्ये सुरुवातीला जर्मन आणि चेक अशा दोघांसाठी मिळून एकच मंडळ काढावं, असा विचार होता. तो टिकला नाही. दोन्हीकडे भाषेचा अभिमान चढत होता. शेवटी जर्मनांनी आपलं मंडळ काढलं आणि चेकांनी आपलं. जर्मन घरात जन्मलेला फ्युग्नर चेक मंडळाचा अध्यक्ष झाला.

एकाकडे कल्पना, दुसऱ्याकडे घर

मंडळाची कल्पना ज्याच्या डोक्यात घोळत होती तो माणूस वेगळा होता. त्याचं नाव मिरोस्लाव तिर्श. जन्म १८३२ चा. आईवडील लहानपणीच गेलेले, नातेवाइकांकडे वाढलेला, तब्येतीने नाजूक. तब्येत सुधारावी म्हणून व्यायाम सुरू केला आणि त्याचाच ध्यास लागला. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली होती, प्राचीन ग्रीसच्या कलेचा अभ्यास होता. ग्रीकांसारखा शरीर आणि बुद्धी या दोहोंचा मेळ आपल्या समाजात आणायचा, हे त्याचं स्वप्न. मात्र विद्यापीठात जागा नाही आणि खिशात पैसा नाही.

फ्युग्नर त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याच्याकडे पैसा होता, ओळखी होत्या आणि कारभार हाकण्याचा अनुभव होता. या दोघांची जोडी जमली. तिर्श फ्युग्नरच्या घरी येऊ-जाऊ लागला, त्याच्या मुलीला, रेनाताला, शिकवू लागला.

कामाची वाटणी स्वच्छ होती. कसरतींची पद्धत बसवायची ती तिर्शने. त्याने व्यायामाचे चार गट पाडले: साधनांशिवाय करायचे, साधनांवर करायचे, इतरांच्या साथीने करायचे आणि झुंजीचे. प्रत्येक हालचालीला त्याने चेक शब्द दिला. तोवर व्यायामशाळेतल्या आज्ञाही जर्मनमध्येच दिल्या जात होत्या. संस्था उभी करायची, माणसं जोडायची आणि खर्च उचलायचा, हे फ्युग्नरकडे आलं.

पोशाख आणि निशाण चित्रकार योझेफ मानेसने तयार केलं. इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्डीच्या सैनिकांचा लाल सदरा फ्युग्नरला भारी आवडायचा. म्हणून सोकोलच्या गणवेशातही लाल सदरा आला. ज्या इटलीत ऑस्ट्रियाने मार खाल्ला, तिथल्या सैनिकांचा रंग ऑस्ट्रियाच्याच राज्यात अंगावर चढवायचा, यातली मेख पोलिसांना कळत नसेल असं नाही. पण व्यायाम करणाऱ्या माणसाला सदऱ्याच्या रंगावरून कसं पकडणार?

'तू' म्हणायचं, 'तुम्ही' नाही

चेक भाषेत मराठीसारखेच 'ती' आणि 'वी' असे दोन शब्द आहेत, म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. कुणाला काय म्हणायचं यावर तिथेही माणसाची पायरी ठरते. एकोणिसाव्या शतकातल्या प्रागमध्ये ही पायरी फार काटेकोर होती. मालक नोकराला 'तू' म्हणेल, नोकराने मालकाला तसं म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. वकील, डॉक्टर, उमराव यांना तर नावाआधी पदव्या लावूनच हाक मारायची.

फ्युग्नरने सोकोलमध्ये हे सगळं दाराबाहेर ठेवायला लावलं. आत आलेला प्रत्येक जण दुसऱ्याला 'तू' म्हणेल आणि 'भाऊ' अशी हाक मारेल, ही पद्धत त्याने घातली. अध्यक्षालाही तोच नियम. (म्हणूनच या लेखात त्याला 'ते फ्युग्नर' म्हणण्याचा मोह टाळला आहे. त्याला ते आवडलं नसतं.)

आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण डोळ्यांसमोर आणून पाहा. सिंगल बारवर कारकून लटकतोय, खाली आधार द्यायला मोठा व्यापारी उभा आहे. वरच्याचा हात सुटला तर खालच्याने त्याला झेलायचं आहे. तिथे 'अहो साहेब' म्हणत बसलं तर पडलेल्याची मान मोडेल. व्यायामशाळेत बरोबरी ही कामाची गरज असते. फ्युग्नरने ती गरज ओळखली आणि तिची सवय करून टाकली.

सोकोलचं अभिवादनही असंच सगळ्यांचं झालं: 'नाझ्दार'. त्याचा अर्थ 'यश लाभो'. हा शब्द राष्ट्रीय नाट्यगृहासाठी वर्गणी गोळा करण्याच्या मोहिमेतून आला. आज चेक माणसं मित्राला भेटल्यावर सहज 'नाझ्दार' म्हणतात, आपल्या 'काय रे, कसा आहेस' सारखं.

स्वतःची जागा

मंडळ सुरू झालं ते दुसऱ्याच्या जागेत. ज्यांनी कधी तालीम किंवा वाचनालय चालवलं आहे, त्यांना यातली अडचण सांगायला नको. जागा दुसऱ्याची असली की वेळ त्याच्या सोयीने, सामान त्याच्या मर्जीने. आणि त्या काळी तर वरून सरकारची नजर. जागामालकाला कुणी डोळे वटारून दाखवले की मंडळ रस्त्यावर.

फ्युग्नरने ठरवलं, सोकोलला स्वतःची वास्तू हवी. त्याने जागा घेतली, इग्नात्स उल्मान या नामवंत वास्तुविशारदाला काम दिलं आणि खर्चाचा भार मुख्यतः स्वतःच्या अंगावर घेतला. १८६३-६४ मध्ये इमारत उभी राहिली. नुसता पत्र्याचा आडोसा नाही. रेनेसान्स काळातल्या इटालियन वास्तूंच्या धाटणीची, उंच छताची, प्रशस्त दालन असलेली व्यायामशाळा.

इथे एक प्रश्न पडतो. व्यायामाला एवढी देखणी इमारत कशाला? चार भिंती आणि छप्पर पुरलं नसतं का?

पुरलं असतं. पण प्रागमध्ये देखण्या इमारती कुणाच्या होत्या? चर्चच्या, सरकारच्या, उमरावांच्या. चेक बोलणारा कारागीर त्या इमारतींच्या दारात उभा राहायचा तो टोपी काढून. आता एक देखणी इमारत अशी होती जिथे तो सभासद म्हणून आत जात होता. एखाद्याला तू मोठा आहेस असं शंभर वेळा सांगण्यापेक्षा त्याला चांगल्या जागेत मानाने बसवणं जास्त परिणामकारक असतं. फ्युग्नरचा पैसा त्यासाठी खर्च झाला.

मध्य युरोपात 'सोकोलोव्ना', म्हणजे सोकोलची व्यायामशाळा, हा इमारतींचा एक प्रकारच बनला. शेकडो गावांत अशा इमारती उभ्या राहिल्या. तिथे व्यायामाबरोबर नाटकं व्हायची, ग्रंथालय असायचं, गावची सभा भरायची. फ्युग्नरने बांधलेली व्यायामशाळा ज्या रस्त्याला लागून आहे त्याचं नाव आज 'सोकोल्स्का' आहे आणि जवळच्या चौकाला फ्युग्नरचं नाव आहे.

अकाली मृत्यू

१५ नोव्हेंबर १८६५ रोजी रक्तात विषबाधा होऊन फ्युग्नरचा मृत्यू झाला. प्रतिजैविकं येण्याआधीच्या त्या काळात असा संसर्ग धडधाकट माणसालाही काही दिवसांत संपवायचा.

संस्था एका माणसाच्या पैशावर आणि उमेदीवर उभी असेल, तर तो गेल्यावर ती कोसळते. सोकोल कोसळली नाही. व्यायामशाळा पुढे मंडळाची झाली. तिर्शने कामाची धुरा उचलली. १८७२ मध्ये त्याने फ्युग्नरच्या मुलीशी, रेनाताशी लग्न केलं. १८८२ मध्ये वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून प्रागमधल्या एका बेटावर सगळ्या शाखांचा पहिला मेळावा भरला. त्याला 'स्लेट' म्हणतात, म्हणजे पाखरांचा थवा एकत्र उतरणं. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, आल्प्समधल्या एका नदीत बुडून तिर्शचाही अंत झाला. प्रागच्या ओल्शानी दफनभूमीत आज हे दोघे एकाच ठिकाणी विसावले आहेत.

जे जमलं नाही

फ्युग्नरच्या बरोबरीच्या कल्पनेला मर्यादा होत्या, हेही सांगायला हवं. 'भाऊ' ही हाक होती, 'बहीण' नव्हती. सुरुवातीचं सोकोल पुरुषांचंच होतं. प्रागमधल्या स्त्रियांनी १८६९ मध्ये आपलं वेगळं व्यायाम मंडळ काढलं. त्याला तिर्शची साथ होती आणि क्लेमेन्या हानुशोव्हा तिथे शिकवायची.

पुढे कामगारांनाही सोकोल हे खाऊन-पिऊन सुखी असलेल्या मध्यमवर्गाचं मंडळ वाटू लागलं. १८९७ मध्ये त्यांनी स्वतःची व्यायाम संघटना उभारली. कॅथलिक मंडळींनी 'ओरेल', म्हणजे गरुड, नावाची संघटना काढली. आणि चेक-जर्मन अशी जी फाळणी पहिल्याच वर्षी झाली होती, ती पुढच्या ऐंशी वर्षांत फार कटू झाली. एका छताखाली सगळ्यांनी 'तू' म्हणायचं खरं, पण छताखाली कोण येणार हा प्रश्न उरलाच.

तीन राजवटी, तीन घाव

सोकोलची कल्पना मात्र वेगाने पसरली. स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना शहरात १८६३ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईस इथे चेक स्थलांतरितांमध्ये १८६५ मध्ये आणि ल्विव्ह शहरातल्या पोलिश लोकांमध्ये १८६७ मध्ये अशीच मंडळं निघाली. ज्यांना स्वतःचं राज्य नव्हतं, अशा लोकांना ही कल्पना विशेष भावली.

राज्यकर्त्यांनीही तिची ताकद ओळखली. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ऑस्ट्रियाने चेक सोकोल बरखास्त केली. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला तेव्हा नव्या देशाकडे धड पोलीस नव्हते की सैन्य. त्या दिवसांत सुव्यवस्था राखायला सोकोलची माणसं रस्त्यावर उतरली.

दुसरा घाव नाझींचा. ऑक्टोबर १९४१ मध्ये प्रागचा नवा नाझी सत्ताधीश राइनहार्ड हायड्रिख याने सोकोलवर बंदी घातली. एका रात्रीत शेकडो पदाधिकारी पकडले गेले आणि अनेक जण छळछावण्यांतून परतले नाहीत. पुढच्या वर्षी हायड्रिखवर हल्ला करणाऱ्या छत्रीधारी सैनिकांना ज्यांनी लपवलं, मदत केली, त्यात सोकोलचे लोक होते.

तिसरा घाव कम्युनिस्टांचा. १९४८ मध्ये त्यांनी सत्ता घेतली आणि सोकोलचा स्वतंत्रपणा संपवला. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाने सुवर्णपदक जिंकलं. सोकोलच्या महिला विभागाच्या प्रमुख मारिए प्रोव्हाझ्निकोव्हा तिथे होत्या. त्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. कम्युनिस्टांनी सोकोल मोडली खरी, पण तिच्या सामुदायिक कवायतींची मोहिनी त्यांनाही सुटली नाही. प्रागच्या स्ट्राहोव्ह स्टेडियमवर जिथे सोकोलचे मेळावे व्हायचे, तिथेच त्यांनी 'स्पार्टाकियाडा' नावाने तसेच सोहळे भरवले. राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये सोकोल पुन्हा सुरू झाली आणि १९९४ मध्ये पुन्हा मेळावा भरला.

पैशाने काय विकत घेता येतं?

दानशूर व्यापाऱ्याची गोष्ट बहुतेक वेळा आकड्यांत सांगितली जाते: इतके हजार दिले, तितक्या इमारती बांधल्या. फ्युग्नरने बांधलेली इमारत एकच. त्याच्याहून कितीतरी श्रीमंत माणसं तेव्हा प्रागमध्ये होती आणि त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत.

फरक पडला तो एका साध्या गोष्टीमुळे. त्याने पैसे दिले आणि स्वतः त्याच व्यायामशाळेत सगळ्यांबरोबर उभा राहिला. देणारा वर आणि घेणारा खाली अशी रचना त्याने होऊ दिली नाही. ज्याने छप्पर बांधलं त्यालाही 'तू' म्हणायची मुभा प्रत्येकाला होती, त्यामुळे ते छप्पर त्या प्रत्येकाचं झालं. तो गेल्यावर सोकोलचा मोठा आधार गेला, पण मालक गेला नाही. कारण मालक असा कुणी नव्हताच.

१९१५, १९४१ आणि १९४८ मध्ये सरकारांनी इमारती ताब्यात घेतल्या, माणसं तुरुंगात टाकली, नाव पुसलं. पण लहानपणी कुणाच्या तरी खांद्यावर पाय देऊन उभं राहायला शिकलेल्या माणसाकडून ती सवय काढून घेण्याचा उपाय कुठल्याच सरकारला सापडला नाही. प्रत्येक वेळी बंदी उठली की ही माणसं परत आली, कुलूप उघडलं, बार पुसले आणि एकमेकांना म्हणाली, 'नाझ्दार'.